यात्रा कुणाच्या भरवशावर?
(राधाबाईंच्या काशीयात्रेपासून आजच्या सहलीपर्यंत)

मराठी माणूस घरकोंबडा असतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि बहुधा मराठी माणसानेच ती रूढ केलेली आहे. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. आपण होसकोट्याचे रहिवासी ज्या रस्त्याने नित्य ये-जा करतो तो रस्ताच तिच्याविरुद्ध साक्ष देण्यास पुरेसा आहे. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, बंगळूर असा येणारा आणि पुढे कोलार, मुळबागल, चित्तूर करीत मद्रासेकडे जाणारा जुना चार क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होसकोट्यावरूनच जातो. १६३८ च्या सुमारास विजापूरकरांच्या मोहिमेत बंगळूर हस्तगत झाले, आणि शहाजीराजांकडे जो मुलूख जहागीर म्हणून आला त्यात बंगळुराबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हीही ठाणी होती. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये याच होसकोट्याजवळ मुरारराव घोरपड्यांच्या तळावर हैदरअलीने रात्री छापा घातला. लष्करे आली आणि गेली. रस्त्यावर कायम राहिला तो यात्रेकरू. तिरुपतीस जाणारा मराठी माणूस आजही होसकोट्यावरूनच पुढे जातो.

घरी सांगलीहून किंवा पुण्याहून आईवडील आले म्हणजे आठ-दहा दिवसांत गिरीच्या दर्शनाची गोष्ट निघतेच. मग प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते. बंगळुरातून रात्री निघून दुसऱ्या दिवशी परत आणणाऱ्या सहलवाल्याकडे पैसे भरावेत, की दर्शनाचे तिकीट, गाडी, उतरण्याची जागा हे सारे आपले आपण पाहावे? हीच चर्चा मे महिन्यात काश्मीरविषयी होते, आणि मुले परदेशी असलेल्या घरांत युरोपाविषयी होते. प्रश्न वरवर पाहता पैशाचा आणि सोयीचा दिसतो. त्याचा इतिहास पाहिला तर तो त्याहून गंभीर आहे, असे आम्हांस वाटते. वर्षातून एकदा मिळणारी रजा, साठवलेली पुंजी आणि म्हाताऱ्या माणसांची प्रकृती ही सारी आपण कुणाच्या तरी हाती सोपवीत असतो. ती कुणाच्या हाती सोपवावी, आणि सोपवताना आपल्या हाती काय ठेवावे, हा खरा प्रश्न आहे. मराठी माणसाने गेल्या तीन शतकांत त्याची जी उत्तरे दिली त्यांचा परामर्श येथे थोडक्यात घेत आहोत.

दोन पेशवेकालीन यात्रा

१७३५ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि १७३६ च्या जूनच्या आरंभी परतल्या. उदेपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा तो सुमारे सव्वा वर्षाचा प्रवास होता. वाटेतला बराचसा मुलूख परक्यांच्या अमलाखाली होता. तरीही उदेपूरच्या राण्याने त्यांचा सत्कार केला, जयपुरास सवाई जयसिंगांनी त्यांना मोठ्या सन्मानाने ठेवून घेतले, आणि ज्या महंमदखान बंगषाला बाजीरावांनी १७२९ मध्ये बुंदेलखंडात पुरते कोंडीत पकडले होते, त्यानेही शत्रूच्या आईला आदराने आपल्या हद्दीतून पार केले. बाजीरावांचा दरारा यामागे होता, हे उघडच आहे. परंतु दराऱ्याइतकीच त्यामागे आखणीही होती. प्रत्येक मुक्कामाच्या आधी पत्रे जात होती, पुढच्या हद्दीतील धन्याची संमती मिळत होती, आणि मुख्य म्हणजे त्या संपूर्ण लवाजम्याचे प्रयोजन यात्रा हेच होते. ऋतू, मुक्काम, वाट हे सर्व यात्रेच्या सोयीने ठरत होते.

यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांनी दुसरी एक यात्रा निघाली. तिला आपण यात्रा म्हणत नाही, कारण तिचा शेवट पानिपतावर झाला. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले तेव्हा फौजेबरोबर लढणाऱ्यांखेरीज फार मोठा समुदाय होता. त्यात व्यापारी होते, चाकर होते, सरदारांची कुटुंबे होती; आणि एवढ्या फौजेच्या सोबतीने मथुरा, कुरुक्षेत्र, काशी घडेल या आशेने निघालेले यात्रेकरूही होते. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस आपली आई आणि पत्नी यांना घेऊन याच फौजेबरोबर गेले होते. ऑक्टोबरात कुंजपुरा हाती आल्यावर फौज कुरुक्षेत्राच्या रोखाने वळली होती. एवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरल्याची वार्ता आली, आणि फौजेला मागे फिरून पानिपतास तळ द्यावा लागला. पुढे रसद तुटली. जो यात्रेकरू फौजेचे संरक्षण मिळावे म्हणून आला होता, तोच आता फौजेच्या दाण्यागोट्यातला वाटेकरी आणि तिच्या हालचालीतील अडसर ठरला. १४ जानेवारी १७६१ नंतर नाना कसेबसे बचावून परतले, पत्नीही पुढे सुखरूप पोचली; आई मात्र त्यांना पुन्हा दिसली नाही. नानांनी लिहिलेल्या लहानशा आत्मवृत्तात हा प्रसंग आहे, आणि तो वाचताना मन आजही विषण्ण होते.

या दोन यात्रांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. सोबत दोन्हीकडे होती. पानिपतच्या वाटेवर तर ती कितीतरी मोठी होती. परंतु राधाबाईंच्या यात्रेत सोबत यात्रेसाठी होती, आणि पानिपतच्या यात्रेकरूंनी आपली यात्रा दुसऱ्याच्या प्रयोजनाला बांधली होती. ते प्रयोजन बदलले तेव्हा वाटही बदलली, आणि ती बदलताना यात्रेकरूला कुणी विचारले नाही. पुढील काळात सहली फसल्याच्या ज्या ज्या हकिकती आपण ऐकतो त्यांच्या मुळाशी बहुधा हीच गोष्ट सापडते.

गोडसे भटजींचा हिशेब

तर मग स्वतःच्या बुद्धीने निघणारा सुखी, असे कुणी म्हणेल. त्याने विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक अवश्य वाचावे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक ब्राह्मण. घरात कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले, आणि १८५७ च्या आरंभी ते आपले काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. बेत स्वतःचा होता, वाट स्वतः ठरविलेली होती, खर्चाचा अंदाजही बांधलेला होता. केवळ वर्ष कोणते आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. वाटेतच बंडाची वार्ता कळली. पुढे ग्वाल्हेर, झांशी, काळपी असा त्यांचा प्रवास ज्वाळांमधून झाला. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजने झांशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा हे दोघे आतच होते. मिळविलेले द्रव्य लुटले गेले, पुन्हा मिळविले ते पुन्हा गेले. शेवटी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी पोचले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ही हकिकत १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि मराठीतील प्रवासवर्णनाचे एक अजोड पुस्तक आपल्याला मिळाले.

गोडसे भटजींवर संकटे आली ती त्यांच्या गैरहिशेबामुळे नव्हेत. त्यांना तारले कशाने, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. जागोजागी असलेली मराठी घरे, ओळखीच्या व्यक्ती, विद्येचा मान, आणि बेत बदलण्याची पूर्ण मोकळीक यांनी त्यांना तारले. वाट अडली की ते थांबत, दुसरी वाट धरत. कुणाच्या लष्कराचे ते बांधील नव्हते. स्वतः आखलेल्या प्रवासाचा खरा लाभ हा आहे. तोटाही तितकाच स्पष्ट आहे : संकट आले तेव्हा हे दोघे कोठे आहेत, हे वरसईत कुणालाच ठाऊक नव्हते.

तीर्थोपाध्यायांची वही

जुन्या काळी या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी व्यवस्था होती. काशी, प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय. यात्रेकरू गावात शिरताच त्याचे आडनाव आणि गाव विचारून उपाध्याय आपली वही काढीत आणि त्याच्या आजोबा-पणजोबांची स्वाक्षरी दाखवीत. उतरण्याची जागा, स्वयंपाकाची सोय, विधी, परतीची सोबत हे सर्व त्यांच्याकडे असे. त्यांच्याविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत आणि पुष्कळशा खऱ्याही आहेत. दक्षिणेवरून होणारी ओढाताण कुणी नाकारणार नाही. परंतु त्या व्यवस्थेत एक गुण होता. उपाध्याय आज वागला तसे त्याच्या नातवाला भोगावे लागे, कारण यात्रेकरूचा नातूही त्याच वहीवर येणार होता. व्यवहार एका फेरीचा नव्हता. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट, विहिरी आणि अन्नछत्रे यांनी याच व्यवस्थेला आधार दिला. यात्रेकरू फसला तरी त्याला पाणी आणि सावली मिळावी, एवढी तजवीज त्या साध्वीने करून ठेवली.

आगगाडी आणि तिकीटवाला

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. गोडसे भटजी निघाल्याला तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. जो प्रवास महिन्यांचा होता तो दिवसांवर आला, आणि यात्रा ही आयुष्यात एकदाच करावयाची गोष्ट राहिली नाही. सुख मात्र लगेच आले नाही. १९१७ च्या सप्टेंबरात गांधीजींनी मुंबई-मद्रास प्रवास तिसऱ्या वर्गाने केला आणि त्या डब्यातील गर्दी, घाण आणि अधिकाऱ्यांची बेपर्वाई यांवर प्रदीर्घ लेख लिहिला. बावीस उतारूंच्या डब्यात किती माणसे कोंबली जातात, याचा त्यांनी दिलेला तपशील वाचून दक्षिणेकडे गाडीने येणाऱ्या आपल्या मागच्या पिढीच्या आठवणी जाग्या होतात.

याच सुमारास पश्चिमेकडे एक नवा धंदा उदयास आला होता. टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी मद्यपानविरोधी सभेसाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास गाडीने नेली. भाडे एक शिलिंग. १८४५ मध्ये त्याने लिव्हरपूलची पहिली व्यापारी सहल काढली, तेव्हा तो आधी स्वतः त्या वाटेने जाऊन आला, राहण्याच्या जागा पाहिल्या आणि प्रवाशांच्या हाती देण्यासाठी मार्गदर्शिका छापली. ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या धंद्याचा मूळ पुरुष आधी वाट तुडवीत असे आणि मग पैसे घेत असे. १८८० नंतर या कंपनीने मुंबईत बस्तान बसविले, आणि १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीची व्यवस्था तिच्याकडे सोपविली. त्या यात्रेत जहाजांच्या दलालांकडून गरिबांची जी लूट होई ती थांबावी, हा हेतू होता. काही वर्षांनी तोटा सोसून कंपनीने ते काम सोडले. गरीब यात्रेकरूला नीट नेण्यात फारसा नफा नसतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

यात्रा कंपनी आणि सोबतचा आचारी

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गाच्या हाती थोडा पैसा आला. १९५६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना रजा-प्रवास सवलत मिळू लागली. महाराष्ट्रातील यात्रा कंपन्या या काळात फोफावल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की, बरोबर भांडीकुंडी, शिधा आणि आचारी असे. बद्रीकेदारला पिठले-भात मिळणे ही केवळ जिभेची चैन नव्हती. परमुलखात पोट बिघडले तर यात्रा तेथेच संपते, हे जाणणाऱ्यांनी केलेली ती तरतूद होती. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी सुरू केलेल्या कंपनीने आणि २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी स्थापन केलेल्या 'वीणा वर्ल्ड'ने ही परंपरा परदेशापर्यंत नेली. केवळ स्त्रियांसाठी निघालेल्या सहलींमुळे, संसारात गुंतून ज्यांनी कधी एकट्याने गाव सोडले नव्हते अशा कितीतरी गृहिणींनी जग पाहिले. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांच्यासोबत कुणी नाही, ज्यांचे वय झाले आहे, त्यांच्यावर या धंद्याचे उपकार आहेत. सहल कंपन्यांची टवाळी करणाऱ्या तरुण मंडळींनी हे विसरू नये.

परंतु धंदा मोठा झाला तसा वाट तुडविणारा आणि पैसे घेणारा वेगळा झाला. जाहिरात एकाची, नोंदणी दुसऱ्याची, बस तिसऱ्याची, हॉटेल चौथ्याचे आणि बरोबर येणारा माणूस रोजंदारीचा. आमच्या परिचयातील काही कुटुंबांनी एका उन्हाळी सुट्टीत दक्षिणेची अशीच एक सहल घेतली. रामेश्वरास समुद्राजवळ उतरण्याची जागा ठरली होती. प्रत्यक्षात गावाबाहेर, पाण्याची टंचाई असलेल्या लॉजमध्ये उतरविण्यात आले. मदुरेस बस अशा वेळी पोचली की मीनाक्षीचे देऊळ दुपारसाठी बंद झालेले, आणि संध्याकाळपर्यंत थांबणे कार्यक्रमात बसत नव्हते. पंचाहत्तरी उलटलेल्या एका आजींनी कळस पाहून रस्त्यावरूनच हात जोडले. तक्रार करावी तर बरोबरचा माणूस म्हणे, बंगळुरात विचारा. बंगळूरचा दलाल म्हणे, मुख्य कचेरीला लिहा. आणि मुख्य कचेरीचा दूरध्वनी उचलला जात नव्हता. पैसे बुडाले असे नाही. ज्याला जाब विचारावा असा माणूसच त्या व्यवहारात कोठे नव्हता, याचे दुःख अधिक होते.

मोठ्या नावांनीही नेहमी तारले असे नाही. टॉमस कुकची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळली, तेव्हा दीड लाखाहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. (तिचेच नाव धारण करणारी भारतीय कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने वाचली.) त्याच वर्षी, १७५८ पासूनची परंपरा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज ही कंपनी मुंबईत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि अनेकांच्या आगाऊ भरलेल्या रकमा अडकल्या. येथे दोन्ही देशांतील फरक ध्यानात घ्यावा. १९७४ च्या ऑगस्टमध्ये, ऐन हंगामात, इंग्लंडमधील एक मोठी सहल कंपनी बुडाली होती आणि हजारो लोक परदेशी अडकले होते. त्या अनुभवातून तेथे अशा प्रसंगासाठी राखीव निधी उभारण्यात आला. म्हणून २०१९ मध्ये तेथील सरकारी यंत्रणेने विमाने भाड्याने घेऊन माणसे घरी आणली. आपल्याकडे ग्राहकाला दाद मागावी लागते ती नंतर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक सोय मात्र मोठी केली आहे : तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे नोंदविता येते. कंपनी मुंबईची असली तरी होसकोट्याच्या माणसाला मुंबईस खेपा घालाव्या लागत नाहीत. पावत्या, छापील कार्यक्रमपत्रिका आणि लेखी पत्रव्यवहार जपून ठेवण्याचे महत्त्व यातूनच कळावे.

आपली वाट आपण

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २००२ पासून रेल्वेची तिकिटे घरबसल्या काढता येऊ लागली आणि सहलवाल्याच्या हातातील एक मोठी किल्ली प्रवाशाच्या हाती आली. नकाशे, हॉटेले, दर्शनाच्या वेळा यांची माहिती आता सर्वांना खुली आहे. मीना प्रभु यांच्यासारख्या लेखिकेने स्वतः आखणी करून देशोदेशी केलेल्या भटकंतीची पुस्तके मराठी घरांत आवडीने वाचली गेली, आणि अनेकांना त्यांतून धीर आला. स्वतः आखलेल्या प्रवासात म्हातारी माणसे थकली तर एक मुक्काम वाढविता येतो. मदुरेस देऊळ उघडेपर्यंत थांबता येते. तिरुपतीच्याच वाटेवर मुळबागलचा मारुती, जवळच कुरुडुमलेचा गणपती, कोलारची कोलारम्मा ही स्थाने आहेत. रात्रीच्या बसमध्ये झोपून जाणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत.

तिरुपतीचे उदाहरण आणखी एका कारणाने बोधप्रद आहे. अनेक वर्षे निरनिराळ्या राज्यांच्या पर्यटन खात्यांना देवस्थानाकडून विशेष दर्शनाच्या तिकिटांचा वाटा मिळत असे आणि त्या वाट्यावर सहली चालत. गैरप्रकारांच्या तक्रारींवरून देवस्थानाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वाटा रद्द करण्याचा निर्णय घेतला. ज्यांनी सहलीचे बेत केले होते त्यांच्या हातून, त्यांचा काही दोष नसताना, दर्शन निसटले. सुमारे तीन महिने आधी जागे राहून तीनशे रुपयांचे तिकीट स्वतः काढणारा माणूस मात्र या उलथापालथीतून सुटला.

तथापि एकट्याच्या वाटेची उणीव गोडसे भटजींच्या काळी होती तीच आजही आहे. १६ आणि १७ जून २०१३ रोजी केदारनाथास महापूर आला, तेव्हा महाराष्ट्रातील शेकडो यात्रेकरू पहाडात अडकले. जे कंपनीबरोबर गेले होते त्यांची निदान नावे कुठल्या तरी यादीत होती. जे आपापले गेले होते त्यांच्या घरच्यांना कुणाला विचारावे हेच कळेना. पुढे चारधाम यात्रेसाठी नोंदणी सक्तीची झाली ती याच अनुभवातून. २०२० च्या टाळेबंदीतही असेच झाले. ज्याने विमान, हॉटेल, गाडी हे निरनिराळ्या ठिकाणी आरक्षित केले होते, त्याला प्रत्येकाशी वेगळे भांडावे लागले. विमान तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न तर ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मार्गी लागला.

आपली जुनी वाट : दिंडी

मग करावे काय? आमच्या मते याचे उत्तर मराठी माणसाने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. ते म्हणजे दिंडी.

हैबतबाबा आरफळकर हे शिंदे सरकारच्या सेवेतील गृहस्थ. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली ती आजही टिकून आहे. पालखीचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, चालत आळंदीस येतात. म्हणजे कर्नाटकचाही या सोहळ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम ठरलेले आहेत आणि ते सर्वांना पाठ असतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे की मागे चालावयाचे ते ठरलेले आहे. जेवणाचा खर्च भिशीच्या रूपाने आधीच वाटून घेतलेला असतो, आणि पंगतीला काय मिळणार हे भिशी भरणाऱ्याला माहीत असते.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती सायंकाळची समाज-आरती. मुक्कामाच्या तळावर सर्व दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार आपला चोप उंच करतो आणि सारे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो आणि त्याचा निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या पहाटे किती वाजता निघावयाचे ते सांगितले जाते, आणि नंतर आरती होते. तक्रार ऐकल्याखेरीज आरती नाही, असा हा संकेत आहे. दूरध्वनी न उचलणाऱ्या कचेऱ्यांच्या काळात त्याचे मोल अधिकच जाणवते.

दिंडीला आपण सहल कंपनी म्हणणार नाही, आणि एकट्याचा प्रवासही म्हणणार नाही. वाट आधी कुणीतरी तुडविलेली आहे, ती सर्वांना ठाऊक आहे, खर्च उघड आहे, नावे यादीत आहेत, आणि गाऱ्हाणे त्याच संध्याकाळी ऐकले जाते. सहल कुणाची घ्यावी, की घेऊच नये, हे प्रत्येक घराने आपली ऐपत, वय आणि हौस पाहून ठरवावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी विचारून घ्याव्यात. आणि स्वतः निघणाऱ्यानेही आपले मुक्काम घरी लिहून ठेवल्यावाचून बाहेर पडू नये.

मंडळाने काय करावे

आपले मंडळ या वर्षी सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे. पन्नास वर्षांत गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, वाचनालय असे पुष्कळ झाले. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना एकत्र आणण्याचे काम त्यातून साधले. आता या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. मंडळात एक प्रवासवही असावी. तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावे असत. या वहीत नावांबरोबर अनुभव असावेत. जो जो सभासद तिरुपतीस, रामेश्वरास, काशीस किंवा दूरदेशी जाऊन येईल त्याने परतल्यावर एक पान लिहावे : कसे गेलो, खर्च किती आला, कोठे उतरलो, देऊळ कोणत्या वेळी बंद असते, वृद्धांना पायऱ्या किती चढाव्या लागतात, कुणी शब्द पाळला. निघणाऱ्याने तारीख, वाट आणि मुक्काम लिहून जावे, म्हणजे संकट आल्यास विचारावयाचे कुणाला हे इकडे कळेल. सहलवाला निवडताना ही पाने चाळावीत. स्वतः आखताना तर अवश्य चाळावीत.

पुढच्या पिढीतील कुणी मुलगा किंवा मुलगी ही वही उघडून आपल्या आजीने लिहिलेले पान वाचील, आणि त्यातील सूचनेप्रमाणे देऊळ उघडण्याच्या वेळी मदुरेस पोचेल. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या सोबतीचा तो एक चांगला उपयोग ठरेल, असा आमचा विश्वास आहे.